पिवळा वरबाप

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की आधी ती माझ्यापासून लपवली जाते. मिक्सर पलंगाखाली जातो, इस्त्री गव्हाच्या कोठीत. मी रिटायर झाल्यापासून ही प्रथा पडली आहे. तरीही फवारणीचा पंप माझ्या हाती लागला, कारण तो बिघडलेलाच नव्हता!

हिंगोलीत आमच्या घरामागं थोडी बाग आहे. वांगी, टमाटे, जास्वंद, कढीपत्ता. पाठीवर अडकवायचा, दांडा मारून हवा भरायचा असा साधा पंप. पण अवजारांची निगा राखली पाहिजे, वर्षातून एकदा तरी ती खोलून, पुसून, तेल देऊन ठेवली पाहिजेत, असं माझं ठाम मत. (पंपाचं मत कुणी विचारलं नाही.)

त्या दिवशी सकाळी अंगणात पोतं अंथरून मी पंप खोलला, तेवढ्यात आमची ही, सुमन, बाहेर आली.

"अवं, आजच काहून मांडलंय हे? दुपारी औंढ्याला पोरगी पाहायला जायचंय ना?"

"दुपारला वेळ आहे. तोवर पंप नवा होतो बघ."

"तुमी फकस्त नवे कपडे घाला. पंप जुनाच राहू द्या!"

तिची काळजी खोटी नव्हती. आमचा महेश सोन्यासारखा पोरगा, पण मुलीकडच्यांसमोर बसला की त्याची दातखीळ बसते. आधीची दोन स्थळं त्यामुळंच गेली. एका ठिकाणी तर मुलीच्या मामानं हळूच विचारलं होतं, "पोराला बोलता येतं ना?"

पंप मी साबणानं धुतला, दट्ट्याला खोबरेल तेल लावलं आणि पुन्हा जोडला. खाली पोत्यावर एक रबरी चकती उरली.

"हे काय उरलं?" सुमननं विचारलं.

"कंपनीवाले एखादी जास्तीची देत असतात," मी म्हणालो आणि चकती खिशात टाकली.

नव्या सर्व्हिसिंगची चाचणी तर घ्यायलाच हवी! वांग्यावर मावा पडला होता. औषध म्हणून मी हळदीचा काढा केला. आमच्याकडं हळदीला काय तोटा? मूठभर पुरली असती, तिथं मी डबा उपडा केला. बनियनवर पंप चढवला आणि दांडा मारू लागलो. पाठीला छान गार वाटू लागलं. वाटलं, वारा सुटला.

वारा कसला! चकतीच्या जागेतून काढा माझ्या पाठीवरून लेंग्यात चालला होता. मला पत्ता नाही, कारण माझं सगळं लक्ष नोझलकडं. फवारा येईना. मी नोझल डोळ्यांसमोर धरलं, आत निरखून पाहिलं आणि एका हातानं दांडा जोरात दाबला.

फवारा आला!

भिंतीपलीकडून शेजारचे रशीदभाई डोकावले. "क्या भाई, हल्दी लगी क्या? भाबी को मालूम है ना?"

भाबीला मालूम झालं. तिनं आधी कपाळावर हात मारला, मग मला न्हाणीत ढकललं. अंगाचा साबण झाला, काही उपयोग नाही. मग तिनं धुण्याचा सोडा आणला आणि माझं तोंड घासलं, तसा मी लालभडक झालो! हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे मला तेव्हा आरशानं शिकवलं.

"हळद-कुंकू एकदमच उरकलं की तुमी!" ती ओरडली.

"आता लिंबू चोळ," मी म्हणालो.

लिंबू चोळलं आणि मी पुन्हा पिवळा झालो. या वेळी एकसारखा, कानामागंसुद्धा!

"मी घरीच राहतो," मी पडलेल्या आवाजात म्हणालो.

"वा! पोरगा मुका, बाप गैरहजर. मग मी एकटीनंच मागणी घालू का?"

शेवटी पांढरा शर्ट घालून मी जीपमध्ये बसलो. (पांढऱ्यावर पिवळा फार उठून दिसतो, हेही त्याच दिवशी कळलं.) महेश माझ्याकडं बघायचं टाळत होता.

औंढ्यात मुलीच्या वडिलांनी "या पाव्हणं" म्हणून हात पुढं केला, माझा हात पाहून मागं घेतला आणि नमस्कारावर भागवलं. सगळे बसले. सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडावर. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तेवढ्यात कोपऱ्यातली तिची आजी डोळे बारीक करून मला न्याहाळत मोठ्यानं म्हणाली,

"नवरदेव वयानं जरा जास्तच वाटून राहिला गं! अन् हळद घरूनच लावून आला व्हय? लई घाई दिसते!"

ट्रे थरथरला. मुलीनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. आणि आमचा महेश, पाण्याचा घोट तोंडात असताना, असा फिसकन् हसला की पाणी नाकातून आलं!

"आजी, नवरदेव मी हाय," तो म्हणाला. "ते आमचे बाबा. ते पंप दुरुस्त करून राहिले होते."

मग त्या मुक्या पोरानं सगळा प्रकार सांगितला. पंप, फवारा, सोडा, लिंबू, सगळं! मी नोझलमध्ये कसा डोकावलो ते तर उभं राहून करून दाखवलं. मुलीचे वडील मांडी थोपटत होते. मुलगी पदर तोंडाला लावून विचारत होती, "मग लिंबू काहून लावलं?" आणि महेश म्हणत होता, "तेच तर! आमच्या घरात 'काहून' कुणी विचारतच न्हाई!"

मी पोहे खात होतो. पोहेही पिवळेच होते.

तासाभरानं दोघं गच्चीवर बोलायला गेले, ते खाली येईनात. संध्याकाळपर्यंत होकार आला. परतताना सुमन मला म्हणाली, "पहिल्यांदा कुनी पोराकडं टक लावून पाहिलं न्हाई. सगळे तुमालाच पाहत होते, म्हनून तो मोकळा झाला."

मला वाटलं, चला, निदान घरच्या घरी राहील हे. पण आठवडा झाला नाही तोच आमच्या हिंगोलीकडच्याच गोरेगावहून माझ्या मेव्हण्याचा, गजाननचा फोन आला.

"दाजी, आमच्या पोराचं बी कुठं जमून नाही राहिलं. रविवारी सेनगावला पोरगी पाहायला जायचंय. तुमी याच. जीप आमची, जेवण आमचं." फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "फकस्त रंग तुमचा तुमी लावून या."