गच्चीवरची टाकी

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने काडी, कामाने शिंपीण आणि बोलणं टोचणारं, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचं काही वाटत नसे.

घराच्या खालच्या मजल्यावर टाचणी आणि तिचा नवरा राहत. वरच्या मजल्यावर थोरली जाऊ, नवऱ्यामागे एकटीच. घराच्या वाटणीत दोघींचं बिनसलं, तेव्हापासून अबोला. जिन्यात गाठ पडली तर एक भिंतीकडे बघे, दुसरी पायऱ्यांकडे. पाणी मात्र दोघींना एकाच टाकीतून येई. ती टाकी गच्चीवर होती आणि गच्ची थोरलीच्या वाट्याला गेली होती.

अशात टाचणीच्या नवऱ्याला हुडहुडी भरून ताप आला. घरातली सगळी पांघरुणं घातली तरी दात वाजायचे थांबेनात. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. औषधांनी तो लवकरच उठून बसला, पण टाचणीचं डोकं फिरलं. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती, आणि तिच्याच घरात डासाने डाव साधला होता.

दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं होतं की हा डास गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात जास्त वाढतो. टाचणी हात धुवून त्याच्या मागे लागली. पिंप उपडं करून घासलं, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या केल्या, कूलर रिकामा केला. खिडक्यांना जाळी ठोकली. तरी संध्याकाळ झाली की कानाशी गुणगुण सुरूच. उरली गच्चीवरची टाकी.

चार खरमरीत वाक्यं मनात जुळवून ती एका दुपारी जिना चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत थोरली भर उन्हाळ्यात शाल गुंडाळून पडली होती. ताप दिवसाआड येतो आणि आपला आपण जातो, असं ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. घरात पडलेल्या कसल्याशा गोळ्या घेत होती म्हणे.

टाचणीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"जाऊबाई, भांडायला आले होते. ते नंतर बघू. आधी चपला घाला, दवाखान्यात जायचंय."

"पायात त्राण नाही गं."

"मग माझ्या खांद्याला धरा. त्याची काही वाटणी झालेली नाही."

थोरलीलाही मलेरियाच निघाला. ताप उतरल्यावर ती गोळ्या बंद करायला निघाली, तर टाचणीने समोर बसून तिला सगळ्या संपवायला लावल्या. एकदा पाणी पुढे करताना तिने टाकीचा विषय काढला. झाकणाचा तुकडा कधीचाच निघालाय, थोरली म्हणाली. तिला एकटीला ते झाकण पेलत नव्हतं.

"मग हाक नाही का मारायची?"

"हाक मारायची तर बोलावं लागलं असतं."

टाचणी तशीच उठून गच्चीवर गेली.

तिने टाकीत डोकावून पाहिलं. पाण्यावर दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारख्या अळ्या आडव्या तरंगत होत्या. नवरा-बायकोने टाकी उपसली, भिंती खरवडल्या, ऊन देऊन वाळवली. घट्ट बसणारं झाकण आणलं आणि जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधली. दवाखान्यातून औषध लावलेल्या मच्छरदाण्या मिळाल्या. थोरलीची पलंगाला आखूड पडली, तेव्हा टाचणीने खाली कापडाची पट्टी जोडून ती गादीखाली खोचण्याइतकी लांब केली.

मग तिने गल्ली हातात घेतली. कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकीला माप घेता घेता विचारी, पिंप शेवटचं कधी वाळवलं? दर आठवड्याला भांडी कोरडी करायची, हे सगळ्यांना पाठ झालं. काही जणी चिडल्या, पण ब्लाउज तिच्याइतका बेतशीर कोणी शिवत नव्हतं, त्यामुळे जाणार कुठे?

पुढच्या वर्षी त्या घरात कोणाला मलेरिया झाला नाही. टाकीची देखरेख आता थोरलीकडे आहे. झाकण उचलायचं असलं की ती गच्चीच्या कठड्याशी येऊन धाकटीला हाक मारते, आणि धाकटी मशीन थांबवून, बडबडत का होईना, वर जाते.