सोपानमामांची ताणपट्टी

सोपानमामा माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. राणीसावरगावच्या सरकारी दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. दारात कुणी आलं की नजर थेट पायांवर. "त्वांडाचं काय, ते खोटं बोलतंय. पाय दाव."

माझे पाय त्यांनी पाहिले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. मला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं, बाजूला सारलं आणि ठशाकडे बघत राहिले. माणसाच्या ठशात मधे कोरडी जागा राहते. माझा ठसा अख्खा, भाकरी थापल्यासारखा. "आरं, कमान कुठं ठिवून आलास?" मी हसलो. वडील हसले नाहीत.

वडिलांना घरात एक वर्दी हवी होती. नामांतराच्या दंगलीत आमच्या बौद्धवाड्यातली घरं जळाली, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, पोरगा पोलिसात पायजे. मी उंचीत बसत होतो, छातीत बसत होतो. पण सपाट तळव्याचा माणूस भरतीत घेत नाहीत, हे ऐकून वडील दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. "मामा, कायतरी करा. तुमच्या हाताला गुण हाय."

मामा घुटमळले. मग म्हणाले, "व्हईल की. महिनाभरात कमान येती बघा."

परभणीहून त्यांनी रबरासारखी ताणणारी चिकटपट्टी आणवली. तिला ते ताणपट्टी म्हणत. दर चार दिवसांनी माझा पाय मांडीवर घेत. त्या दिवसांत, त्या गावात, आमच्या वाड्यातल्या पोराचा पाय मांडीवर! हे मला आजही सांगावंसं वाटतं. बाहेरच्या कडेनं सुरुवात, तळव्याखालून आत, मग घोट्याच्या आतल्या अंगानं वर ओढायची. "लय ताणू न्हाई, कातडं रुसतंय. हां, आता चाल." आणि खरंच, पाय आत कलायचा थांबे. पिंढऱ्या दुखेनाशा झाल्या. मोडलेलं हाड बांधून ठेवलं की जुळतं, तसं हेही जुळेल, अशी माझी नि वडिलांची पक्की समजूत. शेवटच्या आठवड्यात मी पट्टी काढूच दिली नाही. आता सुटली तर आलेली कमान पुन्हा खचेल, असं मीच ठरवून टाकलं. मामांनी सुटलेल्या कडा तेवढ्या दाबून दिल्या.

परभणीच्या मैदानावर मी पळण्यात पहिल्या चौघांत आलो. मग डॉक्टर म्हणाले, "पट्टी काढ." ओढली तर कातडीही निघून आली. ओला पाय फरशीवर ठेवला. तीच भाकरी, वर रक्ताचे ठिपके.

"चला, पुढचा."

मामा फाटकाबाहेर माझ्या चपला धरून उभे होते. मी सगळा राग त्यांच्यावर काढला. "पट्टी काढली की पाय पुन्हा तसाच, तुमाला ठावं होतं ना?"

"व्हतं रं," ते म्हणाले. "पर तुझा बाप पायरीवर बसलेला. न्हाई म्हणाया जीभच रेटंना."

वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. वडील बोलत राहिले. कुणावर रागवावं, तेच त्यांना कळत नव्हतं.

पुढे मी शाळेत शिपाई झालो. खाकी मिळाली, पण घंटा वाजवायची. मामा निवृत्त झाले, आणि साखरेच्या आजारानं त्यांच्या डाव्या पायाचं बोट काळं पडलं. नव्या ड्रेसरला ते हात लावू देईनात. "त्यालाच बोलवा," म्हणाले. मी गेलो, पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली. काळं घोट्याच्या वर चढलं होतं. आता उशीर झाला, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला आधीच सांगितलं होतं.

"बरा व्हईल का रं?" मामांनी विचारलं. पायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"व्हईल की, मामा. महिनाभरात चालताल."

"महिनाभरात?" ते जरासे हसले आणि पाय माझ्याकडे सरकवला. "बांध मग. नीट बांध."