पाच फेऱ्या, एकच दर्शन

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. ही मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे, आणि आठवली की हसू येतं. यात कोणी मेलं नाही, कोणाला अटक झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एका बाईने बारा वर्षं मनात जपलेली गोष्ट माझ्या एका फोनने मोडली असती, आणि तो फोन कर म्हणून माझ्यावर चांगलाच दबाव होता.

तेव्हा मी धाराशिवकडच्या वाशी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस, ज्वारी पोटऱ्यात आलेली. सोमवारी सकाळी मी हजेरी घेत असताना तेरखेड्याच्या बाजूच्या एका गावातले बागायतदार दोन जीप भरून माणसं घेऊन आले. साठीच्या आतबाहेरचे, गावात वजन असलेले गृहस्थ. उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, आमची मंडळी कालपासनं घरी न्हाय."

बाई पंचावन्न वर्षांची. रविवारी सकाळी येरमाळ्याच्या डोंगरावरच्या देवीला, 'येडाईला जाऊन येते' म्हणून निघाली ती परतलीच नव्हती. मोबाईल घरात चार्जिंगला लावलेला, त्यामुळे लोकेशन आणि सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा मार्ग बंद. गृहस्थांचा संशय गावातल्या विरोधी पार्टीवर. "माझी बायको मला इचारल्याबिगर तुळजापूरलाबी जात न्हाय. तिला कुणीतरी उचललंय," असं त्यांनी तीनदा सांगितलं.

मिसिंग दाखल करताना मी पायातलं काय घातलं होतं हे आवर्जून विचारायचो. साडीचा रंग नवऱ्याला सहसा सांगता येत नाही, आणि सांगितला तर चुकीचा असतो. चप्पल मात्र दारातच दिसते.

"चप्पल कुठली घालून गेल्या?"

"चप्पल घरीच हाय की, साहेब."

चप्पल घरात आणि माणूस बाहेर असलं की आम्ही पोलीस आधी विहिरी बघतो. बीट अंमलदाराने दुपारपर्यंत शिवारातल्या सगळ्या विहिरी पाहिल्या. काही मिळालं नाही, तेव्हा त्याने तिथेच हात जोडले. मी वायरलेस मेसेज दिला आणि बाईचा फोटो आजूबाजूच्या गावांच्या ग्रुपवर टाकायला सांगितला.

संध्याकाळी येरमाळ्याच्या एका चप्पल दुकानदाराचा फोन आला. ही बाई आठच दिवसांपूर्वी त्याच्याकडून बूट घेऊन गेली होती, पोरं खेळायला घालतात तसले. बूट घालून तिने दुकानाचा जिना चार वेळा वरखाली केला होता. "गिऱ्हाईक दोन पावलं टाकून बघतं, साहेब. हिनं जिना झिजवला," असं तो म्हणाला. विहिरीची भीती तिथे संपली. जीव द्यायला निघालेलं माणूस बूट चावतो का हे तपासत बसत नाही.

मंगळवारी सकाळी मी स्वतः येडाईच्या डोंगरावर गेलो. पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा मला असा दम लागला होता की सोबतच्या कॉन्स्टेबलने माझ्याऐवजी देवीला नमस्कार केला. खाली नारळ आणि ओटीचं सामान विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशींना फोटो दाखवला. त्यांनी लगेच ओळखलं.

"दोन महिनं झालं येतीया. मंगळवार, शुक्रवार. पाठीला पिशवी, तिच्यात ज्वारी भरल्याली. पाच येळा चढती, पाच येळा उतरती."

"आणि दर्शन?"

"त्ये एकदाच. बाकीच्या येळला वरच्या पायरीला हात लावती अन् माघारी."

"तुम्ही विचारलं नाही कधी, का ते?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या वर्दीची लाज वाटली. "नवस आसंल. नवस इचारत असत्यात व्हय?"

आमच्याकडे नवस फिटेपर्यंत कोणी बोलून दाखवत नाही आणि दुसराही विचारत नाही. घरचे, शेजारचे, दुकानवाले, सगळ्यांनी हेच धरलं आणि गप्प बसले. या बाईने आमच्या रीतीच्या आडोशाला दोन महिने राजरोस काहीतरी चालवलं होतं. देवीसाठी चढणारा माणूस वर पोचल्यावर दर्शन घेतल्याशिवाय फिरत नाही. ही बाई नुसती चढायची सवय करत होती. पण कशासाठी, ते मला सुचेना.

मावशींनीच पुढचा धागा दिला. सोबत कधीकधी एक बांगड्यावाली यायची आणि खाली पायरीवर बसून फेऱ्या मोजायची. ती बेपत्ता बाईच्याच गावची, चार घरं सोडून राहणारी मुसलमान बाई. नऊ वाजता महिला पोलीस तिला घेऊन ठाण्यात आल्या. मी माझा ठेवणीतला आवाज काढला. तिने शांतपणे पदर सावरला, बाकावर मांडी घातली आणि चहाला साखर कमी सांगितली.

"साब, म्या खुदाची कसम घेतली हाय. तुम्ही काय बी करा."

अर्धा तास मी डोकं आपटलं. कोठडी म्हणालो, कोर्ट म्हणालो. बाई ढिम्म. शेवटी मी कंटाळून सहज म्हणालो, "पाच फेऱ्या म्हणजे काही फार नाही. मी आज एक केली."

"पाच?" ती एकदम सरळ बसली. "पाच सुरुवातीला, साब. शेवटच्या हप्त्यात आठ. आठ! पाठीवर ज्वारी घेऊन. तुमचे शिपाई तरी करतील का?"

आणि मग बांध फुटला. घाबरलेला माणूस बरंच काही पोटात ठेवू शकतो. मैत्रिणीचं कौतुक मात्र तिला ठेवता आलं नाही. बारा वर्षांपूर्वी नाशिककडे एका लग्नाला जाताना बाईने गाडीच्या खिडकीतून कळसूबाईचं शिखर पाहिलं होतं. महाराष्ट्रात याच्याहून उंच काही नाही, असं कोणीतरी सांगितलं. तिने नवऱ्याला विचारलं, जायचं का? तो म्हणाला, तिथं काय आपलं शेत हाय का? पुन्हा विचारलं तेव्हा सगळं घर हसलं. धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या दिवशी ती बांगड्यावालीला म्हणाली, आता गुडघं शाबूत हायेत तवर जाऊन येते. बूट या बांगड्यावालीच्याच घरी लपवलेले होते. रविवारी ती अनवाणी तिथवर गेली, बूट चढवले आणि नगरकडची एसटी धरली.

"आज चढणार हाय ती," बांगड्यावाली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "अर्ध्यातनं आणू नका, साब. दुसऱ्यांदा न्हाय सोडायचे तिला."

कळसूबाईच्या पायथ्याच्या गावातल्या खानावळवाल्याचा नंबर बांगड्यावालीच्या लेकीने मोबाईलवर शोधून दिला होता. मी फोन लावला. तो म्हणाला, धाराशिवच्या मावशी सातलाच निघाल्या, आता वाटेतल्या दुसऱ्या लोखंडी शिडीपाशी असतील. त्याने वाट दाखवायला गावातली एक जाणती बाई सोबत दिली होती.

नवरा सकाळपासून ठाण्यातच, समोर बसलेला. बायको जिवंत आहे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसून होतंय तोच रागही आला. "थांबवा तिला. आत्ताच्या आत्ता खाली आणा." वरून साहेबांचाही फोन: तिकडच्या ठाण्याला सांगा, बाईला ताब्यात घ्या, विषय संपवा. एक फोन केला असता तर दोन शिपाई अर्ध्या डोंगरावरून तिला उतरवून घेऊन आले असते, आणि माझी मिसिंग दुसऱ्याच दिवशी निकाली निघाली असती.

मी साहेबांकडे दोन तास मागितले. नवऱ्याला सांगितलं की सज्ञान बाई स्वखुशीने गेली असेल तर तिला अडवायचा आम्हाला अधिकार नाही. हे कायद्याने खरंच होतं. पण कायदा नसता तरी मी फोन केला नसता, हे आज निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. आठ फेऱ्या आणि पाठीवर ज्वारी ऐकल्यापासून मी त्या बाईच्या बाजूचा झालो होतो.

मग सगळं ठाणं वाट बघत बसलं. ठाणे अंमलदार डायरी लिहिता लिहिता घड्याळ बघायचा. वायरलेसवाला उगाच आत येऊन जायचा. खानावळवाल्याने वरच्या विहिरीपाशी लिंबू सरबत विकणाऱ्याचा नंबर दिला. साडेअकराला तो म्हणाला, इथून गेल्या, बसल्यासुद्धा नाहीत, मीही जातो मागोमाग. बांगड्यावाली पदराआड काहीतरी पुटपुटत होती. नवरा तिच्याकडे रागाने बघायचा, पण तिच्यासाठी दुसरा चहा त्यानेच मागवला.

बाराच्या सुमारास माझा फोन वाजला. वारा एवढा की आधी काही कळेना. मग बाईचा आवाज आला, धापा टाकत, "कोण हाय?" मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो आता शिव्या घालणार, या तयारीत आम्ही सगळे होतो. त्याने फोन कानाला लावला, दुसरा कान हाताने झाकला आणि विचारलं,

"तिथनं काय काय दिसतंय?"

ती सांगत होती आणि तो मान हलवत होता. धरणाचं पाणी, डोंगरामागं डोंगर, खाली ढग. आम्हाला त्याच्या तोंडूनच कळत होतं, कारण प्रत्येक गोष्ट तो पुन्हा विचारत होता, "खाली? ढग खाली?" शेवटी म्हणाला, "सावकाश उतर. घाई करू नको." ठाण्यात कोणीतरी टाळी वाजवली. मी त्याला रागावलो नाही.

गुरुवारी दोघं जबाबाला आले. मी नेहमीप्रमाणे लिहिलं: स्वखुशीने गेले होते, कोणी फूस लावली नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही. बाईने अंगठ्याऐवजी सही करते म्हणून पेन घेतलं आणि थांबली.

"साहेब, म्या टोकापत्तूर गेले, त्ये लिवलं का?"

"त्याची गरज नसते, मावशी."

"लिवा. सरकारी कागदावर ऱ्हाऊ द्या."

लिहिलं. 'शिखराच्या टोकापर्यंत स्वतःच्या पायाने चढले.' नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवला. ते वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं, आणि झेरॉक्स आणायला नवरा स्वतः बाहेर गेला.

त्यानंतर मिसिंग दाखल करताना मी एक प्रश्न वाढवला. उंची, रंग, पायातलं विचारून झालं की विचारायचो, यांच्या मनात कधी कुठं जायचं होतं? बहुतेक घरांत आधी सगळे एकमेकांकडे बघायचे. नवऱ्याला आठवायचं नाही, मुलांना माहीत नसायचं. त्यांच्यावर मी मनातल्या मनात रागवायचोही.

निवृत्तीनंतर एका सकाळी चहा पिताना लक्षात आलं की हा प्रश्न मी माझ्या घरी कधी विचारलेला नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारला. बायकोने भाजीतून मानही वर केली नाही. म्हणाली, "गिरनार. दहा हजार पायऱ्या हायेत. मला जमंल. तुमचंच बघा."