टायरच्या आतून फिरणारा हात

पेट्रोलपंपाच्या भिंतीला टेकून एक पत्र्याचं दुकान होतं. तिथे पंक्चर काढणाऱ्या माणसाला सगळे नाडीवाले म्हणत. गाडी जॅकवर चढवायची, चाक उतरवायचं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हे तर सगळेच करतात. पण ट्यूब परत घालण्याआधी नाडीवाले रिकाम्या टायरच्या आतून उघडा हात फिरवत. डोळे मिटून, सावकाश, नाडी बघावी तसा. खिळा निघाला तरी कधीकधी तारेचं केसाएवढं टोक रबरात रुतून राहतं आणि दोन दिवसांत ट्यूब पुन्हा फोडतं. ते टोक त्यांच्या बोटांना हमखास सापडायचं. बाकीचे लोक चिंधी फिरवतात. तार असली की चिंधी अडकते. नाडीवाल्यांना मात्र चिंधीचं नाव काढलेलं खपत नसे. चिंधीने भांडी पुसावीत, म्हणायचे.

त्यांचा थोरला भाऊ टॅक्सी चालवायचा. गाडी जुनी, भाऊही जुना, आणि दोघांचाही आवाज मोठा. दादाने दुसऱ्या कुणाला आपल्या चाकाला कधी हात लावू दिला नाही. माझी टॅक्सी माहेरी आलीय, असं ओरडतच तो गाडी दुकानापुढे लावायचा.

वहिनींची किडनी गेल्यावर त्याच टॅक्सीतून आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी इस्पितळात न्यावं लागे. आई गेली तेव्हा नाडीवाले नऊ वर्षांचे होते. तेव्हा या वहिनींनीच त्यांना वाढवलं. त्यामुळे टॅक्सीची चाकं बघताना नाडीवाल्यांचा जीव त्या चार टायरांत अडकलेला असायचा.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या बोटांनी दगा दिला. साखरेचं दुखणं जुनंच होतं. एक दिवस टायरच्या आतल्या बाजूला त्यांना रक्त दिसलं. गाडीवाल्याला काही लागलंय का, असं त्यांनी विचारलं, आणि मग आपल्याच तर्जनीतून थेंब पडतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे गरम चहाच्या पेल्याने बोटांना फोड आले, ते बायकोला दिसले. ती डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. नाडीवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. पण आता हात फिरवताना ते डोळे मिटत नसत. चिंधी घ्यायला हरकत नव्हती. पण ती घेतली असती तर लोकांना कळलं असतं.

मग व्हायचं ते झालंच. दादाच्या मागच्या चाकाचं पंक्चर त्यांनी काढलं आणि दुसऱ्याच दिवशी इस्पितळाच्या वाटेवर, भर उन्हात, तेच चाक बसलं. स्टेपनीतही हवा नव्हती. वहिनी दीड तास गाडीत बसून होत्या. पोचल्या तेव्हा त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता. चार दिवसांनी त्या घरी आल्या. दादा म्हणाला, नवा खिळा होता रे, रस्ताच भिकार. नाडीवाल्यांनी खिळा दाखव म्हटलं. दादा म्हणाला, फेकून दिला.

त्यानंतरही टॅक्सी येत राहिली. दादा तसाच ओरडत यायचा. नाडीवाल्यांना बरं वाटायचं. वाटायचं, अजून चालतंय आपलं.

एका सकाळी पुढच्या चाकातून हवा जात होती. नाडीवाल्यांनी पंक्चर काढलं, दोनदा हात फिरवला, चाकावर खडूची फुली मारली. वहिनींनी मागच्या सीटवरून हात हलवला आणि टॅक्सी गेली. थोड्या वेळाने हवा भरायच्या वॉल्वच्या पिना संपल्या, म्हणून नाडीवाले सायकल घेऊन पलीकडच्या चौकातल्या दाढीवाल्या पंक्चरवाल्याच्या दुकानात गेले.

तिथे दादाची टॅक्सी जॅकवर होती. फुलीचं चाक खाली पडलेलं होतं आणि दाढीवाला त्याच्या आतून चिंधी फिरवत होता. चिंधी अर्ध्यावर अडकली. त्याने चिमट्याने तार उपटून दादाच्या तळहातावर ठेवली.

वहिनी बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी नाडीवाल्यांना आधी पाहिलं.

"यांना काही बोलू नका, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "मीच हट्ट धरला. मला भीती वाटते हो आता."

"कधीपासून येता इथे?"

"त्या दिवसापासून. आधी तुमच्याकडे, मग इथे."

"मग माझ्याकडे यायचंच कशाला?"

वहिनींनी पदर सारखा केला. "तुम्ही वाट बघत बसता ना."

तेवढ्यात दादा वळला. त्याने काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, पण ती काही त्याला जमली नाही. तार त्याने मुठीत लपवली.

"राहू दे, दादा. पाहिली मी," नाडीवाले म्हणाले. "माझ्या हाताला कळत नाही आता काही. वर्ष होत आलं. त्या दिवशीही खिळा नव्हता, तार होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

दादाने धाकट्या भावाचा हात मनगटाशी धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, आणि त्यांना तिकडे भिंतीकडे बघायला सांगितलं.

"आता कुठलं बोट धरलंय, सांग."

नाडीवाले भिंतीकडे बघत राहिले. मनगटापर्यंत दादाचा हात कळत होता. त्यापुढे काहीच नव्हतं. मागे वहिनी रडत असाव्यात. काहीतरी सांगायला हवं म्हणून ते म्हणाले, "अंगठा."

"बरोबर," दादा म्हणाला.

नाडीवाल्यांनी मान वळवून पाहिलं. दादाच्या चिमटीत करंगळी होती.