एक्सेल येतं

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याने माझ्या धाकट्या बहिणीला ऑफिसच्या नोकरीसाठी नाकारलं. मुलाखत सकाळी झाली, नकार संध्याकाळी फोनवर आला.

ती आधी ज्या यंत्रमाग कारखान्यात बिलं करायची, तो बंद पडला होता. शाळा उघडेपर्यंत सोलापुरात काम मिळालं नाही तर तिने मुलीला घेऊन केम गावी सासरी राहायला जायचं, असं तिच्या नवऱ्याने ठरवलं होतं. तिला जायचं नव्हतं.

मुलाखतीहून ती थेट आमच्याकडे आली. मी जेवत होतो, आई वाढत होती.

"साहेब लई हसले, दादा. हसतखेळत झालं सगळं."

"काय विचारलं?"

"व्हॉट डू यू एक्सेल इन, म्हणाले. मी म्हटलं, यस सर. एक्सेल, वर्ड, टॅली, तिन्ही येतं."

मी वर्तमानपत्रात इंग्रजी बातम्यांचं मराठी करतो. एक्सेल हे क्रियापद तिथे बहुतेक परीक्षांच्या निकालात येतं. अर्थ, इतरांहून सरस ठरणं. आम्ही 'बाजी मारली' असं लिहितो. बहिणीने हा शब्द फक्त कॉम्प्युटर क्लासमध्ये ऐकला होता. तिथे ते चौकटींच्या प्रोग्रॅमचं नाव होतं.

माझा घास थांबलेला बघून तिने कारण विचारलं. मी अर्थ सांगितला.

"म्हणजे मी कशात लोकांच्या पुढं हाय, असं विचारलं व्हय त्यांनी?"

"हो."

"आणि मी टॅली म्हटलं."

आई मला म्हणाली, "आता शिकवतोय जेवताना! काल काय तोंडाला कुलूप होतं?"

बहीण ताटाकडे बघत होती. "कळलं असतं तरी काय सांगणार होते? बिलं करते. बिलं सगळेच करतात की."

बिलात चूक होत नाही, असं सांगता आलं असतं, असं मी म्हणालो. त्याचं इंग्रजी वाक्यही करून दिलं. तिने ते एकदा म्हणून बघितलं आणि पाणी प्यायला उठली.

फोनवर नकाराचं कारण दिलं नाही. त्या उत्तरामुळेच नाकारलं, असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. नंतर तिने आणखी काही ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीचं बोलावणं कुठूनच आलं नाही.

जूनमध्ये तिने मुलीचा शाळेचा दाखला काढला. मुलगी आता केमच्या शाळेत जाते. बहीण घरी असते.