कुलरची चप्पल आणि आमचे व्याही

मुलीसाठी घर बघायला जाताना वरच्या खिशात टेस्टर घालून जाणारा बाप अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि नेमका तोच माझा व्याही झाला. पालमला त्यांचं कापडाचं दुकान आहे. विजेचं काम ते कुठं शिकलेले नाहीत, कुणाच्या हाताखाली राबलेले नाहीत. तरी पालममधल्या निम्म्या घरांतले बोर्ड त्यांना घाबरून असतात. "कापडवाल्याला इजेतलं काय कळतं?" असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणतात, "मरायला शिकावं लागत न्हाई, मंग वाचायला कशाला लागंल?" गळ्यात लिंग आणि खिशात टेस्टर, अशा दोनच गोष्टी ते आंघोळीनंतर न चुकता अंगावर घेतात. तिसरी गोष्ट म्हणजे चष्मा, आणि तो मात्र रोज विसरतात.

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं आधी पाणी पितात. आमचे व्याही आधी हवा हुंगतात. उंबऱ्यातच थांबून नाक वर करून दोन दीर्घ श्वास घेतात आणि गॅस गळत नाही याची खात्री झाली की मगच "राम राम" म्हणतात. एकदा पालमातच एका घरी भेटायला गेले होते. घरातले आजोबा गेलेले, बायका रडतायत, हे भिंतीला टेकून बसलेले. तासाभरानं उठले, घरधन्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज्जे वयानं गेले, त्याला इलाज न्हाई. पण शिलिंडरची नळी बदला, तिला चिरा पडल्यात." घरधन्यानं तेराव्याच्या आत नळी बदलली. एसटीत बसताना ड्रायव्हरच्या मागचं आग विझवायचं नळकांडं चालू आहे का, हे ते कंडक्टरला विचारतात. कंडक्टर म्हणाला, "मला काय माहीत?" की हे उतरून पुढच्या गाडीची वाट बघतात. अशा तीन गाड्या सोडून ते एका लग्नाला पोचले, तेव्हा मांडवाचे बांबू काढणं चाललं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट मांडवाची वायर उघडी होती, ती बरी निघाली, असं म्हणाले.

आमच्याकडे लोक उन्हाळ्याचंच कौतुक सांगतात, पण थंडीही हाडं फोडणारी पडते. त्या दिवसांत व्याह्यांचा सगळा राग कोळशाच्या शेगडीवर असतो. राणीसावरगावला त्यांच्या बहिणीची लेक बाळंतपणाला आली होती. खोलीची दारं-खिडक्या गच्च लावून आत शेगडी धगधगत ठेवलेली. हे दाराबाहेरून ओरडले, "खिडकी उघडा!" आतून बहिणीची म्हातारी सासू ओरडली, "बाळंतिणीला वारा लागंल!" हे म्हणाले, "वारा लागला तर शिंका येतील. कोळशाची हवा कोंडली तर शिंकायला बी कुणी उठायचं न्हाई." म्हातारी ऐकेना. तेव्हा यांनी शिडी लावली, वरच्या झरोक्याची काच काढली, धोतरात गुंडाळली आणि पालमची गाडी धरली. काच परत आणली ती थेट बारशाला. सगळ्यांनी बाळाला अंगडी-टोपडी दिली. मामाआजोबांनी वर्तमानपत्रात बांधलेली काच पाळण्याजवळ ठेवली आणि म्हणाले, "आता शेगडी बंद झाली आसंल तर बसवा."

तर हे गृहस्थ चैत्रात गंगाखेडला आमचं घर बघायला आले. मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं होतं, देण्याघेण्याचा विषय दोन्ही घरांनी काढलाच नव्हता, फक्त मुलीच्या बापानं घर बघायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. मी पोहे केले. आमच्या ह्यांनी पाहुण्यांची खुर्ची मुद्दाम कुलरसमोर मांडली. आमचा कुलर लोखंडी, पोटात दोन घागरी पाणी मावेल असा. त्याच्या पायाशी एक निळी रबरी चप्पल असायची. परभणी जिल्ह्यात ज्यानं उन्हाळा काढलाय त्याला ही चप्पल समजावून सांगायला नको. कुलरला हात लावायचा तर आधी ती पायात सरकवायची, नाहीतर कुलर झटका देतो. घरी आलेल्या बारक्या लेकरालासुद्धा आम्ही देवाला हात जोडायच्या आधी ती चप्पल घालायला शिकवत होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला अकरा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

पाहुण्यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि त्यांची नजर खाली गेली.

"ही चप्पल घरात कशी? कुणाची?"

"ती कुलरची," हे कौतुकानं म्हणाले. "जरा चिमटे घेतो. बाकी हवा लय गार!"

पाहुण्यांनी ताटली खाली ठेवली, टेस्टर काढला आणि कुलरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा असा लख्ख पेटला की मला स्वतःच्या घराची पहिल्यांदा लाज वाटली. मग त्यांनी बटण बंद करून प्लग उपसला आणि डोळ्यांजवळ धरला. तीन पिनांपैकी वरची मोठी, अर्थिंगची पिन बुडापासून कापलेली होती.

"ही कुणी तोडली?"

"मीच," हे म्हणाले. "बोर्डाला दोनच भोकं होती. बसत नव्हती."

पाहुणे माझ्या मुलाकडे वळले. "तुमी शाळेत काय शिकविता?"

"विज्ञान," मुलगा इतक्या हळू म्हणाला की मलाच ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं.

पाहुणे उठले. दारात जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, माणसं चांगली हायत. पण आधी ती चप्पल उचला, मंग सुपारी फोडू." आणि गेले. पोहे तसेच राहिले.

झालं! ह्यांना राग आला. "अकरा वर्षांत कुणी मेलं का? मुलीचा बाप आहे का वायरमन?" असं म्हणत हे अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. मुलगा जेवेना. गावात बातमी फुटली, आणि गावातली बातमी कधी सरळ चालत नाही. "त्यांच्या घरात कायतरी हाय म्हणं, पाव्हणा घास टाकून पळाला," असं चौथ्या दिवशी माझ्या कानावर आलं. पाचव्या दिवशी समोरच्या काकू अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्या. ती मी ठेवून घेतली, त्यांना चहा दिला आणि त्या जाताच ह्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला नाक सांभाळायचंय का सून आणायचीय?" हे काही बोलले नाहीत. आमच्या घरात यालाच होकार म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी मी चांगला वायरमन बोलावला. अंगणात खड्डा खणला, त्यात पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला, प्रत्येक बोर्डापर्यंत अर्थिंगची वायर नेली, जुने बोर्ड काढले, झटका बसला की घरभरची वीज तोडणारं बटण बसवलं. कुलरच्या पंपाची वायर आतून सोललेली निघाली, ती टाकून दिली. ह्यांनी तीन दिवस त्या खड्ड्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं. मग मी पालमला फोन लावला.

पाहुणे आले. हवा हुंगली. टेस्टर सगळीकडे फिरवला, अगदी देवघरातल्या दिव्यांच्या माळेलाही. कुठंच दिवा लागला नाही. आम्हाला वाटलं, सुटलो. पण ते मोरीत गेले, हातपाय धुतले आणि न पुसता, पाण्याची पावलं उमटवत थेट कुलरसमोर येऊन उभे राहिले.

"ओ पाव्हणं, हे काय करताय?" आमचे हे ओरडले. "निदान चप्पल तरी घाला!"

"माझी लेक भांडे घासता घासता उठून यील, वल्या हातानं," ते म्हणाले. "ती काय चप्पल हुडकत बसंल व्हय?"

आणि त्यांनी दोन्ही ओले तळवे कुलरवर ठेवले. कुलर पूर्ण चालू होता. मी डोळे मिटले नाहीत, कारण काही झालंच तर बटण बंद करायला कुणीतरी डोळे उघडे ठेवायला हवे होते. पण त्यांच्या पायांची बोटंसुद्धा घाबरून आत वळलेली मला दिसत होती. ते शूर वगैरे नव्हते. त्यांना माझ्याइतकीच भीती वाटत होती. त्यांनी दहापर्यंत अंक मोजले, हात काढले, धोतराला पुसले आणि म्हणाले, "इहीणबाई, सुपारी काढा."

(असं ओल्या हातानं तपासायचं नसतं, हे त्यांना मी नंतर चांगलं खडसावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.)

लग्न झालं. पुढं धोंड्याचा महिना आला, तेव्हा लोक जावयाला जे देतात ते त्यांनी दिलं, तेहतीस अनारसे मोजून दिले, आणि त्यांच्या शेजारी चांदीच्या ताटात आग विझवायचं लाल नळकांडं ठेवलं. जावयानं त्याला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

आता ते दर चैत्रात येतात. अडचण एवढीच, की आमच्या घरात त्यांना आता काहीच सापडत नाही. पहिल्या वर्षी तर अर्ध्या तासात सगळं घर तपासून झालं आणि मग हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. सून चहा घेऊन आली. "बरं हाय का?" त्यांनी विचारलं. "बरं हाय," ती म्हणाली. संपलं. बाप-लेक एकमेकांकडे बघेनात, आणि साडेअकराची गाडी धरायला ते दहालाच उठले.

मला असलं रिकामं बसणं बघवत नाही. तेव्हापासून ते यायच्या आदल्या दिवशी मी कुलरमधल्या पाण्याच्या नळीत गवताचा बोळा कोंबून ठेवते. विजेच्या कशाला मी हात लावत नाही, फक्त पाणी अडतं.

यंदा त्यांनी तो बोळा बाहेर काढून चिमटीत धरला. "इहीणबाई, गवत हितवर आपसूक जात न्हाई."

"गंगाखेडचं पाणी जड आहे," मी म्हणाले.

"आसंल," म्हणाले आणि लेकीला हाक मारली. "बस हितं, स्क्रू हातात धर."

कुलरच्या दोन बाजूंना दोघं मांडी घालून बसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी मुद्दाम आवाज करत लावली, तरी सून काहीतरी हळूहळू सांगत असल्याचं आणि मधूनमधून त्यांचं "हं" ऐकू येत होतं. काम दहा मिनिटांचं होतं. त्यांना सव्वा तास लागला.