धोंड्याची गाडी

खंडेराव गांगुर्डे माणूस ओळखायचा तो त्याच्या उजव्या मनगटावरून. लाल दिव्याला उभं असतानाही ज्याचं मनगट स्वस्थ बसत नाही, जागच्या जागी जो उगाच गाडी गुरगुरवत राहतो, तो घरीही बायकापोरांवर असाच गुरगुरत असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. सातपूरच्या एका कारखान्यात तो फिटर होता आणि राहायला नाशिक रोडला, जेल रोडवर. त्र्याण्णव साली त्याने काळी, शंभर सीसीची मोटारसायकल घेतली आणि त्या दिवसापासून शहरातली निम्मी माणसं त्याच्या मनातून उतरली.

सकाळी द्वारकेच्या चौकात त्याला शिसारी यायची. रॉकेल पाजलेल्या रिक्षा निळा धूर ओकत उभ्या असायच्या. कुणी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी हाकायचा, म्हणजे पुढे ओढायचं आणि मागे धरायचं, दोन्ही एकदमच. कुणाची चेन खुळखुळ्यासारखी वाजायची आणि त्यालाच ती ऐकू यायची नाही. खंडेराव दिवा लाल होतोय असं दिसताच चावी फिरवून इंजिन बंद करायचा आणि पाय टेकून, नाक आक्रसून उभा राहायचा. दिवा हिरवा झाला की मागून हॉर्नचा गलका.

"ओ काका, ढकलतच न्या ना! सगळंच पेट्रोल वाचेल."

तो वळून बघायचा नाही. चाळीसच्या वर काटा नाही, मोकळ्या रस्त्याला चौथ्याच्या खाली गिअर नाही, आणि उतार लागला की इंजिन बंद. गाडी त्याला लिटरला ऐंशीच्या पुढे द्यायची आणि ही गोष्ट तो कुणालाही, कुणी न विचारता सांगायचा.

रविवारी तो दारात वर्तमानपत्र पसरायचा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, चेन रॉकेलने भिजवून जुन्या टूथब्रशने कडी न कडी साफ करायचा, चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघायचा आणि तरीही पंपावर जाऊन तपासून घ्यायचा. त्याची बायको लंकाबाई निफाडकडची. ती उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली असायची.

"एवढं तेलपाणी माझ्या गुडघ्यांचं केलं असतं ना, तर आज मी पळाले असते."

"तुझे गुडघे ॲव्हरेज किती देतात?"

"देत्यात की. आख्ख्या घराचं पाणी भरून अजून रिझर्व्हला नाय लागले."

दोन हजार दोन साली कारखान्याला कुलूप लागलं. खंडेराव घरी बसला, गाडीही बसली. बाजाराला सायकल पुरायची, आणि रिकाम्या माणसाने पेट्रोल जाळावं हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. रोज सकाळी तो गाडी थोडा वेळ सुरू करायचा आणि शेजारी उकिडवा बसून नुसता आवाज ऐकायचा. मग बंद करायचा. कापड टाकायचा. दिवस उरलेला असायचा.

पुढच्या वर्षी मुलीचं, पल्लवीचं लग्न झालं. ती स्टेशनजवळच्या एका कापडाच्या दुकानात विक्रीला होती, आणि नोकरी सोडणार नाही हे तिने मुलगा बघायला आला तेव्हाच सांगून टाकलं होतं. नवरा शेखर नाशिक रोडलाच एका पतसंस्थेत कारकून. दोघं देवळाली कॅम्पात राहायची आणि सकाळी एकाच बसने इकडे यायची. बसला गर्दी मरणाची. पल्लवी दुकानात दिवसभर उभी आणि येताजाताही उभी. एकदा ती माहेरी आली तेव्हा खंडेरावला तिच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा दिसल्या. तो उठून बाहेर जाऊन बसला.

दोन हजार चारला श्रावण अधिक आला, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि सोबत एखादी चांगली वस्तू. लंकाबाई चांदीचं निरांजन बघून आली होती.

खंडेराव म्हणाला, "गाडी देतो."

"कोणती गाडी?"

"आहे ती एकच."

"धोंड्याचं दिलेलं मागं घेता येत नाय, ध्यानात हाय ना? पाप लागतं."

"मागे कोण घेतंय? दोघांची वाट एक आहे. पोरगी बसून तरी जाईल."

रविवारी शेखर जेवायला आला. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बैल बघायला आल्यासारखी.

"चांगली ठेवलीय मामा. जुनी आहे, पण ठेवलीय चांगली."

खंडेराव मग जो बोलत सुटला तो तासभर. क्लच कसा सोडायचा, गिअर कुठे टाकायचा, पेट्रोल कशाने वाचतं आणि कशाने जातं. काय काय सांगितलं ते नंतर त्यालाही आठवलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तो एका बैठकीत ओतत होता. शेखर अनारसा खात मान हलवत होता. शेवटी बोटं चाटत म्हणाला, "मामा, मोटारसायकल आहे. बाळंतीण नाही."

सगळे हसले. पल्लवी त्या दिवशी माहेरीच राहिली आणि शेखर गाडी घेऊन एकटा गेला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी तो गाडीसकट दारात उभा.

"मामा, तुमची गाडी दारुड्यासारखी पिते हो. चाळीससुद्धा देत नाही. बघा जरा. पुढच्या रविवारी नेतो." आणि चहा पिऊन तो बस पकडायला निघून गेला.

खंडेरावने गाडी उजेडात घेतली. चेन झोळीसारखी लोंबत होती. क्लचची तार इतकी ताणलेली की क्लच कायम अर्धा दाबलेला. एअर फिल्टरमध्ये चिखलाची पोळी. गरम सायलेन्सरवर गुटख्याच्या थुंकीचे शिंतोडे भाजून काळपट लाल झाले होते. ते खरवडताना असा काही वास उठला की त्याला उमळ आली आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. चार महिन्यांत एक माणूस एवढी घाण करू शकतो. आणि हे हात घरी जाऊन भाताला लागतात, मुलीच्या अंगाला लागतात. हा विचार त्याने झटकला, पण तो गेला नाही.

तरी तो काम करत राहिला. दुपारी मागच्या चाकापाशी आला. मागे बसणाऱ्याच्या पायांखालची दोन्ही फूटरेस्टं मिटलेली होती. डावं ओढलं, उघडेना. सांध्यात पावसाळ्यातला चिखल वाळून सिमेंटसारखा बसला होता आणि त्यावर गंज चढला होता. उजव्याचंही तेच. रॉकेल सोडून, हातोडीने ठोकून एकेक उघडलं तेव्हा आतून श्रावणातली माती खपलीसारखी गळून पडली.

गाडी दिल्यापासून ही एकदाही उघडलेली नव्हती. मागे कुणी बसलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानावर गेला. पल्लवी जेवणाच्या सुट्टीत मागच्या गल्लीत चहा घेत होती.

"तू गाडीवर येत नाहीस?"

"नाही."

"मग कशी येतेस?"

"येत होते तशीच. बसने."

"आणि तो?"

"गाडीवर." तिने चहावर फुंकर मारली. "आमची बस त्यांना ओव्हरटेक करते, आबा. वालदेवीच्या पुलाकडे उतरताना. ते इंजिन बंद करून कडेकडेने येत असतात. मी वर दांड्याला लटकलेली. खिडकीतून खाली दिसतात. वर बघत नाहीत."

"हलकट! बायकोला बसमध्ये लोंबकळत ठेवून हा..."

"तुम्हीच सांगितलंत ना त्यांना."

"मी?"

"डबलसीटने ॲव्हरेज पडतं म्हणून. धोंड्याच्या दिवशी. मी तिथेच बसले होते. तासभर बोललात, त्यातलं तेवढं एक त्यांनी पाठ केलंय. मी काही म्हटलं की म्हणतात, तुझ्या वडिलांना विचार." ती थांबली. "आणि आईला तरी तुम्ही कुठे बसवायचात? कुणाचंही लग्न असो, आम्ही दोघी बसने आणि तुम्ही पुढे गाडीवर. आम्ही पोहोचायचो तेव्हा मंडपाच्या दारात रुमालाने सीट पुसत उभे असायचात."

खंडेरावने शेखरचं ते तुपट तोंड डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, म्हणजे निदान शिव्या देता आल्या असत्या. ते येईना. रुमालच दिसत राहिला. निळ्या चौकड्यांचा, स्वच्छ धुतलेला.

"मी बोलतो त्याच्याशी. उद्यापासून तुला मागे..."

"मला नाही बसायचं. कुणी सांगून दिलेल्या जागेवर मी बसणार नाही. चार दिवस बसवतील, पाचव्या दिवशी चढावर उतर म्हणतील." तिने ग्लास खाली ठेवला. "गाडी झाली दुरुस्त?"

"संध्याकाळपर्यंत होते."

"होऊ देऊ नका."

"म्हणजे?"

"येऊ द्या त्यांनाही बसने. धरू द्या दांडा."

"पल्ले, धोंड्याचं वाण आहे ते. मागे घेता येत नाही."

"मागे कुठे घेताय? दुरुस्त होत नाही म्हणा. तुम्हाला जमत नाही म्हणा."

कारखान्यात साहेबांनी सोडून दिलेली यंत्रं खंडेरावने चालू केली होती. यंत्रापुढे हात टेकले असं तो आजवर कुणाला बोलला नव्हता, स्वतःलाही नाही.

"दुसरं काहीही सांग," तो म्हणाला.

"दुसरं काही नकोच आहे मला." आतून मालकाने हाक मारली आणि ती गेली.

घरी येऊन त्याने कार्बोरेटर उतरवला. मग चेन, मग चाकं. लंकाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. काल जुळवलेलं आज सोडवतोय हे तिला कळत होतं. तिने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, रुमालाचंसुद्धा. ती आत गेली आणि सुटे भाग ठेवायला एक रिकामा डबा घेऊन आली.

रविवारी शेखर आला. "काय मामा, झाली का?"

"नाही."

"मग कधी?"

"सांगता येत नाही, शेखरराव." शब्द दाताखाली खडा यावा तसे आले. "मला जमेना."

शेखरच्या तोंडावर हळूहळू आनंद पसरला, तव्यावर तेल पसरावं तसा. "मामी, ऐकलंत का? ऐंशीचं ॲव्हरेज काढणाऱ्या माणसाला जमेना म्हणे!"

"वय झालं त्यांचं," लंकाबाई म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

"मग गॅरेजला टाकतो."

"टाका. सगळी सुटी आहे, पोत्यात भरून देतो. इंजिन उघडावं लागेल म्हणा त्यांना."

इंजिन म्हटल्यावर शेखरने डब्यातल्या भागांकडे पाहिलं, मग वर पाहिलं. पेट्रोलचा थेंब वाचवायला बायकोला खाली ठेवणारा माणूस गॅरेजवाल्याला खिशाला हात लावू देणार नाही, हे खंडेरावला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचीही त्याला किळस वाटत होती.

"राहू द्या," शेखर म्हणाला. "तुम्हीच बघा सावकाश. तोवर बस आहेच."

पुढे तो पल्लवीला घेऊन यायचा तेव्हा बसचंच बोलायचा. "काय ती बस हो मामा! माणसं अंगावर येतात नुसती. वास मारतो. काल एकाने सगळा घाम माझ्या बाहीला पुसला. हिला तरी बाया कधी सरकून जागा देतात, मला कोण देणार?" पल्लवी आईशेजारी मटार सोलत असायची. मान वर करायची नाही.

"आणि तुम्ही इथे पेपरावर नट मांडून बसलाय. फिटर होतात ना तुम्ही एवढे?"

"होतो," खंडेराव म्हणाला. त्याने एक लख्ख नट उचलला, रॉकेलच्या गढूळ वाटीत बुडवला आणि पुन्हा पुसायला घेतला. नळीने पेट्रोल ओढताना ते तोंडात यावं तशी चव जिभेवर आली. थुंकून टाकावंसं वाटलं. समोर जावई बसला होता. त्याने ते गिळलं.